पावणा आणि पिवळं किट

शेवटी हेडलाइटचं नवं किट बसवलंच नाही. जुने दिवे जागेवर राहिले, आप्पांनी गाडी चालवणं सोडलं आणि चावी माझ्याकडे आली.

आता हे तुम्ही वाचलं नाही असं धरू. मीही बोललो नाही असं धरतो. कारण त्या दिवशी सकाळी गडहिंग्लजला शिंत्र्यांच्या दुकानात आम्ही तिघं उभे होतो ते किट घ्यायलाच, आणि ते घेतल्याशिवाय आई आजऱ्याला परत येणार नव्हती. तसं सांगूनच ती निघाली होती. घरी कुकरसुद्धा लावला नव्हता.

दुकानाचं नाव ‘शिंत्रे ऑटो लाइट्स’. मालक मल्लू शिंत्रे गल्ल्यावर काळा चष्मा लावून बसायचे. विकायला ठेवलेले सगळे दिवे ते दिवसभर पेटवून ठेवत, त्यामुळे आत आलेलं गिऱ्हाईक आधी भिंत चाचपायचं आणि मग नमस्कार करायचं. दुकानात खरा अंधार असा कुठेच नव्हता, आणि नेमका तोच नसल्यामुळे कुठला दिवा किती चांगला हे कुणालाच कळत नव्हतं.

आईनं किट बघायला सुरुवात केली ती साडी बघावी तशी. एक दिवा पेटवून घेतला, वायरीसकट दुकानाच्या दारापर्यंत ओढून आणला आणि उन्हात धरून बघितला.

“उजेडात काय फरक पडत न्हाई की ह्यानं,” ती म्हणाली. “ह्याच्यात अजून दाखवा.”

शिंत्र्यांनी अजून दाखवले. त्यांचं म्हणणं असं की पांढरा एलईडी म्हणजे दिवस. पिवळा म्हणजे लग्नघराच्या मागच्या बाजूला, जिथं भांडी घासतात तिथला बल्ब. आईनं विचारलं, ह्या पांढऱ्यात घाटात उभा असलेला माणूस दिसेल का. शिंत्रे म्हणाले, माणूस सोडा वहिनी, त्याच्या शर्टाची कंपनी दिसेल.

आप्पा दुकानाच्या पायरीवर पाठमोरे उभे होते. किट पुढं आलं की ते मान न वळवता त्यात खोट काढायचे. ह्याला मागं बारका पंखा असतो, पावसाळ्यात तो जातो. दुसऱ्याला करंटचा डबा लागतो, तो ठेवायला आमच्या व्हॅनमध्ये जागा नाही. तिसऱ्यानं समोरचा ड्रायव्हर आंधळा होतो. चौथं आरटीओला चालत नाही. आप्पांकडे प्रत्येक किटसाठी एक तक्रार होती आणि सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. आईला ते खपत नव्हतं. दोन वर्षं ती ह्या एका गोष्टीच्या मागं होती आणि दोन वर्षं आप्पा असेच पाठमोरे होते.

ते दोन वर्षांचं आता सांगायला पाहिजे.

आमच्या घरात सुहासदादाच्या मरणाचा आरोप हेडलाइटवर होता. दादा माझा थोरला भाऊ. सावंतवाडीत एका छापखान्यात कामाला होता. श्रावणात एका दुपारी तो मोटरसायकलवरून घरी यायला निघाला आणि आंबोली घाटात, चौथऱ्याच्या वळणावर, गाडी बंद पडली. तुम्ही श्रावणात तो घाट बघितला नसेल तर सांगतो, भर दुपारी तिथं हात लांब केला तर बोटं दुसऱ्याची वाटतात, एवढं धुकं. दादा मोटरसायकल कडेला लावून उभा राहिला. आप्पांची वडापची, म्हणजे शीटं भरून नेणारी व्हॅन सावंतवाडीहून वर यायची वेळ त्याला माहीत होती. व्हॅन आली, आणि गेली. तिच्या मागून एक टेम्पो आला, त्याला दादा दिसला नाही. आप्पा वर आंबोलीच्या स्टँडवर चहा पीत होते, तेव्हा कुणीतरी येऊन सांगितलं की खाली वळणावर एक पोरगा पडलाय.

आप्पा म्हणाले, “मला दिसला न्हाई.”

त्यानंतर ते ह्या विषयावर बोलले नाहीत. वाक्य आईनं पूर्ण केलं. बापाला पोरगा दिसत नाही असं होत नाही, म्हणजे दिवे मिणमिणते असणार. खटला तेवढ्यावर संपला. दिव्यांनी बाजू मांडली नाही. आई रोज संध्याकाळी दारातल्या व्हॅनकडे अशी बघायची की मीसुद्धा तिच्या समोरून जाताना बाजूनं जायचो.

आणि आता माझी पाळी आली होती. माझं नाव उत्कर्ष. ते माझ्या जन्मानंतर लगेच ठेवलं, त्यामुळे त्यात कुणाचा दोष नाही. बी. कॉम.ला माझे इतके विषय राहिले होते की पास झालेल्याचीच चौकशी करावी लागायची. आप्पांचे गुडघे गेले होते. व्हॅन मी चालवायची असं ठरलं, लायसनवर बॅज आला, आणि आईनं अट घातली. दिवे बदलल्याशिवाय दुसरा पोरगा ती घाटात सोडणार नव्हती. दिवे बदलले नाहीत तर गाडी विकायची. गाडी विकली तर आप्पा काय करणार आणि मी काय करणार, ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि तिला नकोही होतं.

दुकानात कोंडी झाली होती. आई पांढऱ्यावर आली होती, आप्पा पायरीवर होते, शिंत्रे चष्मा पुसत होते. अशा वेळी घरातल्या शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी म्हटलं, बसवून बघूया की. दोन किटं न्यायची, एक पांढरं, एक पिवळं. घाटात जायचं. मी त्या वळणावर उभा राहतो. आप्पांनी खालून गाडी आणायची. ज्या दिव्यात मी लवकर दिसेन ते किट घ्यायचं.

मला हा विनोद वाटला होता. खरं सांगतो, हसू येईल म्हणून बोललो होतो.

कुणी हसलं नाही. आप्पा पहिल्यांदा वळले आणि माझ्याकडे बघायला लागले.

आई म्हणाली, “चला.”

शिंत्र्यांना किटं नजरेआड करायची नव्हती, म्हणून तेही दुकानाचं शटर अर्धं ओढून निघाले. आत दिवे चालूच होते.

आजरा मागं पडलं, आंबोली आली, आणि आंबोलीच्या पुढं जग संपल्यासारखं धुकं लागलं. तिथं शिंत्र्यांनी पावण्याचा विषय काढला.

पावणा म्हणजे त्या वळणावरचं जे काही आहे ते. त्याला भूत म्हणायची पद्धत नाही. वडापवाल्यांचा धंदा माणसांवर चालतो, उगीच कुणाला नावं ठेवत नाहीत. धुक्यात चौथऱ्याजवळ कुणीतरी उभं असतं आणि गाडीला हात करतं, एवढंच. कुणी म्हणतं रस्ता झाला तेव्हाचा मजूर आहे, कुणी म्हणतं आजोळी निघालेला माणूस आहे. त्याचं काही मागणं नसतं, त्याला फक्त वरपर्यंत जायचं असतं. पण थांबायचं नाही. थांबलं की तो बसतो, आणि एकदा बसला की उतरत नाही. गाडीला मग बरकत राहत नाही.

त्यासाठी घाटातल्या ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. धुक्यात वळणावर कुणी हात करताना दिसलं की दिवे एकदम बारीक करायचे, म्हणजे त्याचं तोंड दिसत नाही. तोंड दिसलं की ओळख झाली, आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दिवे बारीक करायचे, खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचा, आणि स्टँडवर जादाच्या गिऱ्हाइकाला सांगतात तसंच नीट, त्याचा अपमान न करता सांगायचं की गाडी भरली आहे. मग मागं न बघता निघायचं.

शिंत्रे म्हणाले, त्यांच्या चुलत्यानं एकदा असंच केलं होतं तर पावण्यानं मागून विचारलं होतं की टपावर बसू का. मी हसलो. आई हसली नाही, ती आजऱ्याची नव्हे, पार निपाणीकडची, तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं. तिनं बाहेर धुक्यात बघत विचारलं की हे वळण कधी येणार. आप्पांनी गाडी थांबवली. वळण आलं होतं.

चौथरा म्हणजे काही मोठी वास्तू नाही. रस्त्याच्या कडेला दगडी ओटा आहे, पूर्वी दुधाचे कॅन ठेवायला बांधलेला. त्यावर शेवाळ होतं. दादाची मोटरसायकल जिथं होती तिथं आता काही नव्हतं. आम्ही तिथं दोन वर्षांत कुणी उतरलो नव्हतो. आईनं जागा बघितली, मला दंडाला धरून थोडं डावीकडं सरकवलं, आणखी थोडं सरकवलं, आणि मग व्हॅनमध्ये पुढं, आप्पांच्या शेजारी जाऊन बसली. ती इतक्या वर्षांत पुढं कधी बसली नव्हती.

शिंत्र्यांनी पांढरं किट बसवलं. व्हॅन उतारावर गेली, आवाज लांब गेला, कुठंतरी वळली, आणि आवाज परत यायला लागला. मी हात वर केला. शिंत्रे माझ्यापासून दोन हात लांब, छत्रीखाली, पिशवी पोटाशी धरून उभे होते. धुक्यातसुद्धा त्यांनी काळा चष्मा काढला नव्हता.

समोरचं सगळं धुकं एकदम पेटलं. पांढरी भिंत. भिंत अंगावर येत होती आणि भिंतीच्या आत हॉर्न वाजत होता. मी मागं उडी मारून ओट्यावर चढलो आणि व्हॅन माझ्या जागेवर येऊन थांबली. आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांना काहीच दिसलं नव्हतं, नुसतं दूध दिसलं होतं. शिंत्रे म्हणाले की पांढरा लाइट हा मुळात स्वच्छ हवेसाठी असतो, धुक्यात त्याचा दोष काढणं बरोबर नाही.

मग पिवळं बसवलं. ह्या वेळी उजेड आला तो खालून, रस्त्याला धरून, हळू. माझे बूट दिसले, मग गुडघे, मग मी स्वतःला छातीपर्यंत पिवळा झालेला बघितला. व्हॅन बरीच अलीकडं थांबली. काच खाली करून आई म्हणाली, “दिसला. लांबनं दिसला.”

तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला होता. तिचं तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे बघितलं. शिंत्रे लगेच म्हणाले की ते सकाळपासून हेच सांगत होते, पिवळा तो पिवळा. विषय संपला होता. पिवळं किट घ्यायचं, घरी जायचं, कुकर लावायचा. सोमवारपासून मी गाडी चालवायची. आप्पाही मान हलवून हो म्हणाले. पहिल्यांदाच हो म्हणाले, आणि घाईनं म्हणाले.

तिथं मी तोंड उघडलं. म्हटलं, जुन्या दिव्यांवरपण एकदा बघूया. आरोपी आहे म्हणून काय झालं, त्याचंही एकदा ऐकून घ्यावं.

आप्पा म्हणाले काही गरज नाही. पाऊस वाढतोय, शिंत्र्यांना दुकान आहे. मी सोडूनही दिलं असतं. पण आई सोडणार नव्हती.

“घाला ते जुनं,” ती शिंत्र्यांना म्हणाली. “ह्यास्नी काय दिसलं न्हवतं, ते मला बघायचंय.”

आप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. शिंत्र्यांनी बोनेटकडून काम उरकलं, टिचकी मारून दिवे लागले का बघितले, आणि व्हॅन उतारावर गेली.

ह्या वेळी वेळ लागला. आवाज खाली गेला आणि बंद झाला. घाटात आवाज बंद होणं ही चांगली गोष्ट नसते, कारण मग बाकीचे आवाज ऐकू येतात. कड्यावरून पाणी पडत होतं. शिंत्रे एकदा खोकले आणि मग त्यांनी खोकणंही थांबवलं. मला एकाएकी वाटलं की मी नेमका कुठं उभा आहे हे मला कुणीतरी सांगावं. आईनं मला दंडाला धरून उभं केलं होतं ती जागा. इथूनच तो खाली बघत उभा राहिला असणार, व्हॅनचा आवाज ओळखून त्याला बरं वाटलं असणार. त्या व्हॅनचा आवाज आम्ही दोघं झोपेतही ओळखायचो, तिसऱ्या गिअरला ती घसा खाकरायची. मी शेजारी बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. हे मी खात्री करून बघितलं, आणि खात्री झाल्यावर परत एकदा बघितलं.

तिसऱ्या गिअरचा आवाज आला.

मी हात वर केला. खरं तर मी केला असं म्हणता येणार नाही, वडापची गाडी आली की हात आपोआप वर जातो. उजेड आला. मळका, तांबूस, दोन वर्षं शिव्या खाल्लेला उजेड. तो आधी कड्यावर पडला, मग ओट्याच्या शेवाळावर, मग माझ्यावर आला आणि माझ्यावर थांबला. लांबून आला होता. पिवळ्या किटइतका लांबून नसेल, पण गाडी थांबवायला भरपूर होता. मला काचेमागं आई दिसत होती. आप्पा दिसत होते. मला ते दिसत होते म्हणजे मी त्यांना दिसत होतो, ह्यात बी. कॉम.चा काही संबंध नाही.

मग दिवे बारीक झाले.

एकदम. जणू कुणी वात खाली ओढली. व्हॅन थांबली नाही. ती माझ्या अगदी जवळून आली, आप्पांच्या बाजूची काच खाली होती, त्यांचा हात बाहेर आला आणि पंजा हलला, स्टँडवर हलतो तसा. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते. आवाज मोठा नव्हता. कुणाचं मन मोडायला नको म्हणून आपण जसं बोलतो तसा होता.

“पावणं, गाडी भरल्या.”

चाकाचं पाणी माझ्या बुटावर उडालं आणि व्हॅन धुक्यात गेली.

मी हसलो. आप्पांनी आयुष्यात कधी चेष्टा केली नव्हती, त्यामुळे पहिली चेष्टा म्हणून मी मोकळेपणानं हसलो. शिंत्र्यांकडे बघितलं. शिंत्र्यांनी चष्मा काढला होता. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच बघत होतो, बारीक आणि म्हातारे होते.

“भावा,” ते म्हणाले, “माझी किटं पिशवीत भर.”

आणि मग ते मलाही कळलं.

वर कुठंतरी ब्रेक लागले. आम्ही चालत गेलो. व्हॅन रस्त्याच्या मधोमध उभी होती, दिवे अजून बारीकच. आई खाली उतरली होती आणि आप्पांच्या खिडकीशी उभी होती. पदर भिजला होता. आप्पांचा हात अजून बाहेरच होता, आत घ्यायचा राहून गेल्यासारखा.

“दिवं का बारीक केलासा?” आईनं विचारलं.

“तिथं करत्यात.”

“दिसत हुता की पोरगा.”

“दिसत हुता.”

“आणि त्या दिवशी?”

इंजिन चालू होतं. आप्पा समोरच बघत म्हणाले, “माणूस दिसला. तोंड न्हाई दिसलं. तोंड बघायचं नसतंय तिथं.”

“सांगितलासा त्याला? हे आता सांगितलासा तसं?”

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

“गाडीत किती माणसं हुती?”

“कोण न्हवतं,” आप्पा म्हणाले. “रिकामी हुती.”

मी नंतर पुष्कळ विचार केला की माझ्यासमोर दिवे बारीक केले ते त्यांच्या हातानं केले की त्यांनी ठरवून केले. इतक्या वर्षांची सवय, तेच धुकं, तेच दिवे, हात आपोआप गेला असेल. नाहीतर त्यांना सांगायचं होतं आणि दुसऱ्या कुठल्या रीतीनं सांगता येत नव्हतं. मी विचारलं नाही. आईनंही विचारलं नसावं.

ती व्हॅनच्या पुढं गेली. मला वाटलं आता ती दगड उचलणार. ती वाकली, आणि हेडलाइटच्या काचेवरचं पाणी तिनं पदरानं पुसलं. आधी डावीकडचा दिवा, मग उजवीकडचा. निर्दोष सुटलेल्या माणसाच्या तोंडावरून हात फिरवावा तसं पुसलं. मग मागं जाऊन, दार सरकवून, अगदी शेवटच्या सीटवर खिडकीशी बसली.

आप्पा खाली उतरले. त्यांनी चावी लावूनच ठेवली होती. बाजूला होऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी स्टिअरिंगवर बसलो. शिंत्रे पिशवी घेऊन माझ्या शेजारी. मागचं दार उघडंच होतं, आप्पा दाराबाहेर उभे होते आणि आत येत नव्हते. धुकं त्यांच्या कमरेपर्यंत आलं होतं. मागून एखादी गाडी आली असती तर तिला ते दिसले नसते.

मी आरशात बघत होतो. आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली होती, त्यात भाकरीचा डबा होता, तो कुणी उघडला नव्हता. शिंत्र्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गिअर टाकला नाही. आईनं टाकायला सांगितलं असतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि तिनं सांगितलंही नाही. इंजिन खाकरत राहिलं.

मग आईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आत सरकली.

आप्पा बसले. मी दार लागल्याचा आवाज ऐकला आणि दिवे मोठे केले.

शिंत्र्यांनी किटं परत घेतली. खोकी भिजली होती, तरी पैसे मागितले नाहीत. दुकानात कुणी विचारलं तर म्हणतात, गिऱ्हाइकाला पसंत पडलं नाही. त्या दिवसानंतर दुकानातले निम्मे दिवे ते बंद ठेवतात.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. व्हॅन मीच चालवतो, आजरा ते सावंतवाडी, जाऊन येऊन. आप्पा ओसरीवर बसून असतात. आई त्यांना जेवायला वाढते, औषधं देते, डोक्याला तेल लावते. दिव्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही.

मी मात्र रीत मोडली आहे. धुकं असलं की वळणावर मी गाडी थांबवतो, कुणी हात केला तरी आणि नाही केला तरी. दिवे मोठे ठेवतो. दार सरकवतो, एक माणूस चढून बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबतो, दार लावतो. एक सीट मी खालूनच मोकळी ठेवून निघतो. प्रवासी चिडतात. उभं राहून आलेल्या एका मास्तरांनी विचारलं होतं की ही जागा कुणाची. मी म्हटलं, बुकिंग आहे. स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणतात मी पावण्याला वाईट सवय लावतोय, उद्या तो सगळ्यांकडं जागा मागेल.

वळणापासून आंबोलीपर्यंत गाडी जरा जड ओढते. शिंत्रे म्हणाले क्लच प्लेट गेली असेल. बदलली. तरी ओढते. आंबोलीच्या स्टँडवर दार उघडलं की परत हलकी होते.

घरी गेलो की आई हातपाय धुवायला पाणी देते आणि रोज तेच विचारते.

“कोण हुतं का?”

मी म्हणतो, न्हवतं.

“थांबलास न्हवं?”

मी म्हणतो, थांबलो. मग ती आत जाऊन ताट वाढायला घेते.

परंतु मी एकटा थांबून भागत नाही. घाटात दिवसभर पुष्कळ गाड्या असतात आणि माझी एकच आहे. म्हणून संबंधित खात्यास खालीलप्रमाणे अर्ज करीत आहे.

प्रति, माननीय परिवहन अधिकारी साहेब. विषय : चौथऱ्याच्या वळणाबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, सदर वळणावर हात करणारी व्यक्ती हयात आहे किंवा कसे, याची खातरजमा न करता सर्व वाहनचालकांनी आपले दिवे बारीक न करता वाहन थांबवावे, सदर व्यक्तीचे तोंड पाहावे, व वाहनात जागा नसल्यास उपस्थित प्रवाशांनी सरकून ती करून द्यावी, असा आदेश आपल्या स्तरावरून होऊन तो बऱ्याच वर्षांमागील त्या श्रावणापासून, म्हणजे ज्या दुपारी आमची गाडी रिकामी होती त्या दुपारपासून, लागू समजण्यात यावा.